कुळवृत्तांतातला ‘परागंदा’

ज्या घराण्यांचे कुळवृत्तांत छापून निघाले आहेत, त्यांच्या घरी ते जाडजूड पुस्तक बहुधा कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर असतं. मुंज किंवा लग्न ठरलं की गोत्र-प्रवर पाहायला खाली येतं आणि काम झालं की पुन्हा वर जातं. पुढच्या वेळी खाली आलं की जरा निवांतपणे चाळून बघा. ‘यांस चार पुत्र, पैकी तिसरा परागंदा’ अशा धाटणीची एखादी तरी ओळ बहुधा सापडेलच. थोरल्याची मामलेदारी, दुसऱ्याची भिक्षुकी, धाकट्याने बांधलेली विहीर, सगळं सांगितलेलं असतं. या तिसऱ्याच्या वाट्याला मात्र एकच शब्द. त्याची बायको कुठली, तिचं पुढे काय झालं, पदरी मूल होतं का, याचा पत्ताच नाही.

आणि ज्यांच्या घरी असं पुस्तक नाही, त्यांच्याकडे आजीचं बोलणं असतं. “तुझ्या पणजोबांना एक भाऊ होता म्हणे, पण त्याचं नाव काढायचं नाही.” का काढायचं नाही, ते आजीलाही ठाऊक नसतं. तिच्या सासूने तिला तसं बजावलेलं असतं, एवढंच.

आता परागंदा झालेले सगळेच काही गुन्हेगार नव्हते, बरं का! कोणी कर्जाला कंटाळून रातोरात गेले, कोणी गोसाव्यांच्या नादी लागले, कोणी गिरमिटाच्या कागदावर अंगठा उठवून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात राबायला गेले. पण काही जण पायांत बेड्या घालून सरकारी बंदोबस्तात बोटीवर चढवले गेले. ‘काळं पाणी’ हा शब्द आज आपण नवऱ्याची आडगावी बदली झाली तरी थट्टेने वापरतो. त्या काळी ती कायद्यातली शिक्षा होती, फाशीच्या खालोखालची. समुद्र ओलांडला की जात गेली, आणि जन्मभरासाठी ओलांडला की माणूसच गेला. ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून गेली ती थेट १ जानेवारी १९५६ रोजी. तेव्हापासून तिच्या जागी नुसती जन्मठेप आली.

एक गोष्ट मात्र मोठी विलक्षण आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जो माणूस सरळमार्गाने शेती करून, चार मुलं वाढवून आपल्या अंथरुणावर मेला, त्याचा सरकारदरबारी जवळजवळ काहीच मागमूस उरलेला नाही. ज्याला काळ्या पाण्यावर पाठवलं, त्याची मात्र सरकारने बारीकसारीक नोंद ठेवली. नाव, बापाचं नाव, जात, गाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गुन्हा, शिक्षेची तारीख, बोट. घरच्यांनी ज्याचं नाव टाकलं त्याचं नाव परक्या सरकारने जपलं! म्हणून म्हणते, घरात असा ‘तिसरा’ असेल तर त्याला शोधणं वाटतं तितकं अशक्य नाही. कसं शोधायचं, ते एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून चांगलं कळेल, आणि उदाहरणासाठी नवी मुंबईकरांना फार लांब जायला नको.

नवीन पनवेल, कामोठे, खारघर या बाजूला राहणाऱ्या मैत्रिणींना पळस्पे फाटा सांगायला नको. सुट्टीत गोव्याला किंवा गावी कोकणात जाताना तिथल्या गर्दीत आपण सगळ्यांनीच पोरांना बिस्किटं चारत वेळ काढलेला आहे. तिथून महामार्गाने थोडंसं पुढे गेलं की शिरढोण लागतं आणि मागे कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. आज पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, १९८४ साली त्यांच्यावर टपालाचं तिकीट निघालं, शाळेच्या पुस्तकात ते ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणून भेटतात. पण १८८० च्या सरकारी कागदात ते होते एक जन्मठेपेचे, समुद्रापार पाठवलेले कैदी. त्यांचा माग जसा काढता येतो, तसाच एखाद्या अनाम कैद्याचाही काढायचा असतो.

गोष्ट बहुतेकींना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगते. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात चांगली सरकारी नोकरी. आई आजारी पडली तेव्हा रजा वेळेवर मिळाली नाही आणि शेवटची भेट चुकली, हा घाव मनात बसलेला. पुढे १८७६-७७ चा तो भयंकर दुष्काळ. माणसं रस्त्यावर पडून मरताना पाहिली आणि नोकरी सुटली ती सुटलीच. रामोशी, कोळी, धनगर यांना हाताशी धरून फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला दरोडा घातला. आपल्या या पळस्प्यावर त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांचा साथीदार दौलतराव नाईक चालून आला होता आणि परतताना मेजर डॅनिएलच्या सैन्याशी गाठ पडून मारला गेला. सरकारने फडक्यांच्या डोक्यावर इनाम लावलं, तर यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्याच डोक्यावर इनाम लावलं! जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावदगी गावी, तापाने फणफणलेले असताना ते पकडले गेले. पुण्यात संगमाजवळच्या कोर्टात खटला चालला. वकीलपत्र घ्यायला लोक कचरत असताना सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, पुढे झाले. ७ नोव्हेंबर १८७९ रोजी शिक्षा झाली, जन्मभर काळं पाणी.

इथपर्यंतची हकीकत म्हणजे वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद आणि लोकांच्या तोंडी राहिलेल्या गोष्टी. शोध घेणाऱ्याची खरी कसोटी इथून पुढे लागते, कारण इथे माणूस गावाच्या नजरेआड होतो.

मुंबई इलाख्यातल्या काळ्या पाण्याच्या कैद्यांना बोट मिळेपर्यंत ठाण्याच्या तुरुंगात ठेवत. ऐरोलीच्या पुलावरून खाडीपलीकडे जे ठाणं दिसतं, तिथल्या जुन्या किल्ल्यातच हा तुरुंग आहे. किल्ल्याचा तुरुंग झाला तो १८३३ मध्ये. राघोजी भांगरे यांना १८४८ साली तिथेच फाशी दिलं. फडक्यांना शिक्षेनंतर तिथेच आणलं, आणि पुढे १९११ मध्ये अंदमानला नेण्यापूर्वी सावरकरांनाही तिथे ठेवलं होतं. तेव्हा तुमचा माणूस मुंबई इलाख्यातला असेल तर ठाण्याचा तुरुंग हे त्याचं इकडचं शेवटचं घर असण्याचा संभव फार मोठा.

दुसरी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. आज पनवेल रायगड जिल्ह्यात आहे. रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा, नाव बदललं १९८१ साली. म्हणून आपण सरळ कुलाब्याचे कागद मागायला जाऊ. पण पनवेल, उरण हा भाग १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता! म्हणजे फडक्यांच्या काळचं शिरढोण ठाण्याच्या दप्तरात शोधायचं. अशा जिल्ह्यांच्या हद्दींनी भल्याभल्यांना चकवलेलं आहे. आपलं गाव त्या साली कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तालुक्यात होतं, ते जुन्या गॅझेटियरमध्ये आधी पाहून घ्यावं. ही गॅझेटियरं आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात.

जानेवारी १८८० मध्ये ‘तेहरान’ नावाच्या बोटीने फडक्यांना एडनला नेलं. आपल्या मनात काळं पाणी म्हणजे अंदमान असं पक्कं बसलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगते, की अंदमान हे बऱ्याच ठिकाणांपैकी एक. ती वसाहत मार्च १८५८ मध्ये दोनशे कैद्यांनी सुरू झाली. त्याच्या किती तरी आधीपासून हिंदुस्थानचे कैदी पिनांग, मलाक्का, सिंगापूर, ब्रह्मदेश आणि मॉरिशस इथे जात होते. सिंगापूरला पहिले कैदी १८२५ साली पोचले. तिथलं ते पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, पर्यटक ज्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात ना, ते आपल्याकडच्या कैद्यांच्या हातचं आहे. मॉरिशसला १८१५ पासून वीस-बावीस वर्षांत दीड हजारांच्या आसपास कैदी गेले. ते बंगालचे होते, तसे मुंबई इलाख्याचेही. तिथले रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन त्या बेटावर उतरला तेव्हा या कैद्यांचे रुबाबदार चेहरे पाहून चकित झाला आणि त्याने तसं लिहून ठेवलं. मॉरिशसच्या बाबतीत कैदी आणि गिरमिट्ये यांची गल्लत मात्र करू नये. गिरमिट्यांचे कागद वेगळे. ते तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत ठेवलेले आहेत आणि त्यांत पुष्कळांचे फोटोसुद्धा आहेत.

आणि उलटंही होई! तिकडचे चिनी कैदी इकडे आणले जात. महाबळेश्वरला त्यांच्यासाठी तुरुंग होता, तो १८६४ साली बंद झाला. तिथे बटाटे आणि इंग्रजी भाज्यांच्या बागा फुलवण्यात या चिनी मंडळींचा मोठा हात होता. चीनमधल्या एखाद्या घरीही ‘तिसरा परागंदा’ म्हणून कोणी लिहिलं असेल, नि तो इकडे वेण्णेच्या काठी बटाटे लावत असेल!

तर एडन. आज तो येमेन देश, युद्धाने पोळलेला. तिथे जाऊन कागद कुठून शोधणार, असं वाटून हातपाय गाळू नयेत. कारण एडन इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतल्यापासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या ताब्यात होतं. म्हणजे एडनच्या तुरुंगाधिकाऱ्याने काही कळवायचं तर मुंबईला कळवायचं. साहजिकच त्या कैद्यांच्या पत्रव्यवहाराची एक बाजू मुंबईत राहिली. फडक्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून पळ काढला होता आणि थोड्याच वेळात ते पुन्हा पकडले गेले, हे आपल्याला कळतं ते अशा सरकारी लिखापढीमुळे. नाही तर त्या खडकाळ बंदरातली ही गोष्ट शिरढोणला सांगायला कोण येणार होतं?

मुंबईतल्या पुराभिलेखागारात न्यायखात्याचे वर्षवार खंड आहेत. कैद्यांविषयीचा मजकूर मुख्यतः त्यांत. पुण्याला पेशवे दप्तर आहे, दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि त्याची ‘अभिलेख पटल’ ही संगणकावरची सूची कोणालाही पाहता येते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. पण सुरुवात मुंबईपासून करावी. ओळखपत्र आणि अर्ज लागतो, आणि शाईचं पेन बाहेर ठेवून पेन्सिलीने उतरून घ्यावं लागतं, म्हणून दोन पेन्सिली न्याव्यात. वर्ष माहीत असेल तर त्या वर्षाची सूची आधी मागावी, थेट खंड मागू नये. एका दिवसात काही हाती लागेल अशा आशेने जाऊ नये. डबा न्यावा.

नावं मात्र इंग्रजांनी आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. ‘वासुदेव बळवंत’ची स्पेलिंगं जुन्या इंग्रजी कागदांत इतकी विचित्र आहेत की मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाहीत. पुष्कळदा आडनाव नसतंच. असतं ते स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव. म्हणून घरातून निघताना आडनावापेक्षा ‘अमका बिन तमका’ हे पक्कं करून निघावं. काही कागद मोडीत असतात. मोडीचे वर्ग आजही चालतात आणि ज्या बाईने कुरडयांच्या चिकाचा अंदाज डोळ्यांनी घ्यायला शिकून घेतलं, तिला मोडीची वळणं जड जाऊ नयेत.

फडक्यांच्या बाबतीत एक भाग्य असं, की त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. पाठलाग चुकवत श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले असताना त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. ते लिखाण आणि रोजनिशी सरकारच्या हाती लागली, पुराव्यासाठी तिचं इंग्रजी झालं, आणि पुढे मुंबई सरकारने १९५७ साली छापलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात तो मजकूर आला. विष्णू श्रीधर जोशी यांनी सरकारी कागद धुंडाळून चरित्र लिहिलं. बघा ना, ज्या कागदांनी त्यांना काळ्या पाण्यावर धाडलं, त्याच कागदांनी त्यांना परत आणलं.

पण त्याच रुमालांत त्यांच्याबरोबर धरल्या गेलेल्या रामोशांची आणि कोळ्यांची नावंही आहेत. त्यांना शोधायला कोणी चरित्रकार गेला नाही. मला नेहमी वाटतं, पुरंदर-भोरकडून येऊन नेरुळ-वाशीच्या सोसायटीत स्थिरावलेल्या एखादीच्या घरातला ‘नाव काढायचं नाही’ असा माणूस तिथेच, त्या पानाच्या तळाशी असेल.

आता घरात राहिलेल्या बाईकडे वळते.

फडक्यांची पहिली पत्नी सईबाई लवकर वारली, मागे लहान मुलगी. दुसरी गोपिकाबाई, माहेर जुन्नरचं. नवऱ्याने तिला लिहायला-वाचायला शिकवलं, घोड्यावर बसायला, शस्त्र चालवायलासुद्धा शिकवलं, असं चरित्रात आहे. बंडाला उतरण्यापूर्वी त्याने तिला माहेरी पोचवलं. त्या वेळी वयाने ती किती लहान होती, याचा अंदाज आपण करू शकतो. तिकडे नवरा एडनला. समुद्रापलीकडे तो आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. कुंकू लावायचं की नाही, हे ठरवायला बाईला सरकारी पत्राची वाट बघावी लागावी, अशी ती शिक्षा! १७ फेब्रुवारी १८८३ रोजी फडके एडनला गेले. कोणी सांगतात क्षयाने, कोणी सांगतात अन्न सोडून. इतक्या मोठ्या माणसाच्या शेवटाच्या गोष्टी दोन, तर मग सामान्य घरात एकाच माणसाच्या तीन-तीन कहाण्या निघाल्या तर बिचकू नये. तिन्ही लिहून घ्याव्यात.

कैद्याच्या बायकोच्या वाट्याला आणखी काय काय येई! दंडसंहितेत अशीही कलमं होती की ज्यांखाली कोर्टाला कैद्याची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम देता येई. ती रद्द झाली १९२१ साली. जप्ती नाही झाली तरी दीर-जावांच्या घरात तिची जागा कुठे, हे मी सांगायला नको. सावरकरांच्या घरचं उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. बाबाराव अंदमानात. तिथून वर्षाला एक पत्र येई. येसूवहिनी वर्षानुवर्षं भेटीच्या परवानगीची वाट पाहत राहिल्या. १९१९ मध्ये घरची माणसं भेटीला अंदमानात पोचली तेव्हा येसूवहिनी नव्हत्या, त्याच वर्षी त्या गेल्या होत्या.

आणि ‘परागंदा’ नेहमी पुरुषच असतो, असं तरी का धरून चालायचं? काळ्या पाण्यावर बायकाही गेल्या. त्यांतल्या कितीतरी बालहत्येच्या गुन्ह्याखाली. विधवा, पाय घसरला – आपण ‘तिचा’ घसरला म्हणतो, ज्याच्यामुळे घसरला त्याचा नाही – आणि मग लोकलाजेस्तव पोटच्या गोळ्याचा गळा दाबलेला. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. अपिलात फाशीचं काळं पाणी झालं, आणि नंतर त्याची पाच वर्षं झाली. तेव्हा वर्तमानपत्रांतून बायकांच्या जातीलाच नावं ठेवणारा मजकूर आला. तो वाचून विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे इतक्या संतापल्या की त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. १८८२ साली पुण्यात छापलेलं ते पुस्तक विस्मृतीत गेलं आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणलं. आज विद्यापीठांत त्याचा अभ्यास होतो. मुळाशी एक काळ्या पाण्याची शिक्षा ऐकलेली बाई आहे, हे मात्र आपण विसरतो.

अंदमानला गेलेल्या बायकांना काही वर्षांनी, वागणूक चांगली असेल तर, तिथल्याच एखाद्या कैद्याशी लग्न करायची परवानगी मिळे. दोघांना जमिनीचा तुकडा, गुरं. मुलं होत. कोण रत्नागिरीची, कोण मेरठचा! जात, भाषा, पंगत, सगळं एका बेटावर मिसळून गेलं. त्यांच्या वंशजांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात, आणि घरात बोलतात हिंदुस्थानी. तेव्हा तुमच्या खापरपणजीच्या बहिणीची नातवंडं-पणतवंडं पोर्ट ब्लेअरला – २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम – असतीलही, पण त्यांना मराठीचा एक शब्द येत नसेल. शोधताना मराठी आडनाव शोधलंत तर ती सापडायची नाहीत.

म्हणून मी म्हणते, शोधाची सुरुवात पुरुषांच्या वंशावळीवरून करण्यात अर्थ नाही. वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, आणि जिथे पाणी मुरतं तिथे ‘परागंदा’. त्यापेक्षा बायकांना विचारावं. सासरच्या आजीपेक्षा तिची सवाष्ण म्हणून जेवायला येणारी नणंद, चुलत जाऊ, गावातल्या जुन्या शेजारणी. माहेरची माणसं तर नक्कीच, कारण टाकलेली सून बहुधा माहेरीच परतलेली असते आणि तिची गोष्ट तिथे राहते. ‘काळ्या पाण्यावर कोण गेलं?’ असं पोलिसी थाटात विचारलंत तर उत्तर येणार नाही. ‘अमक्या काकू जन्मभर माहेरी का राहिल्या?’ असं विचारा. ‘श्राद्धाला एक पान जास्त का वाढतात?’ विचारा. साल कोणालाच आठवत नाही, पण ‘प्लेगच्या आधी’, ‘मोठ्या दुष्काळानंतर’, ‘तुझे आजोबा रांगत होते तेव्हा’ हे आठवतं, आणि त्यावरून दहा वर्षांच्या आत येता येतं. प्लेग म्हणजे १८९६, मोठा दुष्काळ म्हणजे १८७६-७७.

बेलापूर, पनवेल, उरण पट्ट्यातल्या गावच्या घरांना तर एक सोय आहे. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी वारस सिद्ध करता करता प्रत्येक घराने ट्रंका उपसून जुने फेरफार, सातबारे बाहेर काढले. वकिलाचं काम झालं की ते पुन्हा ट्रंकेत गेले. ते एकदा आपण स्वतः वाचावेत. हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, म्हणजे त्यानंतरच्या माणसाचा हिस्सा कोणाच्या नावे, कोणत्या कारणाने चढला, हे फेरफारात असू शकतं. ‘बेपत्ता’ असा शेरा दिसला तर तिथे बोट ठेवावं.

हे कागद हाती आले की त्यांना चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते. लॅमिनेशनही करू नये. घडीवर फाटले असतील तर पसरून, दोन बटरपेपरच्या मध्ये, सपाट पेटीत ठेवावेत. कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी किंवा सुकवलेला कडुनिंब असावा. पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या हवेत भिंतीला लागून असलेलं कपाट नको, आतल्या खोलीतलं बरं. दसऱ्याच्या आधी एकदा सावलीत वारा द्यावा, उन्हात मुळीच नाही. आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून मुलीला, भाचीला पाठवून ठेवावेत. मूळ कागद मागायला कोणी आलं तर चहा द्यावा, कागद देऊ नये.

शोधून हाती काय येईल, ते आधीच मनाशी ठरवून बसू नये. प्रत्येक घरात काही वासुदेव बळवंत निघत नाहीत. बहुतेक ठिकाणी निघेल तो भाऊबंदकीत कोयता चालवणारा, दरोड्यात सामील झालेला, पोटासाठी धान्याचं कोठार फोडणारा. क्वचित एखादा खरोखरच दुष्ट निघेल. जे निघेल ते तसंच लिहावं. पोरांना क्रांतिकारक हवा असतो म्हणून दरोडेखोराला फेटा बांधू नये, आणि मुलीच्या लग्नात आडवं येईल म्हणून पानही फाडू नये.

शिरढोणला मात्र एकदा मुलांना घेऊन जाऊन या. वाडा आहे, स्मारक आहे. पनवेलहून अर्धा दिवस पुरतो, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात कर्नाळ्याचं अभयारण्य होतं. पुण्याला जाणं झालं तर संगम पुलाजवळ, त्यांना जिथे ठेवलं होतं त्या जागीही स्मारक आहे. जाताना वहीच्या पहिल्या पानावर आपल्या घरातल्या त्या ‘तिसऱ्या’चं नाव लिहून ठेवा, आणि त्याच्या शेजारी त्याच्या बायकोचंही. ते सापडायला त्याच्या नावाहून जास्त दिवस लागतील.